कणगी आणि जाते

श्रावणातल्या एका सायंकाळी, सुरगाण्याच्या बाजारपेठेपासून हाकेच्या अंतरावर असलेल्या भाऊसाहेबांच्या ओटीवर, समोर पागोळ्यांची झालर हलत असता व वीज दुपारपासूनच गेलेली असता, जो वाद माझ्या कानी पडला तो ‘अट’ या एका वस्तूविषयीचा होता. एका बाजूस महसूल खात्यात चौतीस वर्षे अटींची अंमलबजावणी करून अव्वल कारकुनाच्या जागेवरून निवृत्त झालेले भाऊसाहेब आणि दुसऱ्या बाजूस नाशिकच्या एका कंपनीत संगणकाचे प्रोग्राम लिहिणारी त्यांची भाची, असा सामना जुंपल्यावर अटींचा कैवार भाऊसाहेबांनी घ्यावा आणि त्यांची टवाळी त्या तरुण मुलीने करावी, अशीच कोणाचीही अपेक्षा राहील. घडले ते उलट. मला क्षणभर नवल वाटले, पण ते टिकले नाही. जन्मभर मापे भरणाऱ्याला धान्याची धूळच अधिक आठवते.

प्रसंग असा. सुरगाणा हे १९४८ पर्यंत देशमुखांचे छोटेखानी संस्थान; पलीकडे डांगचे जंगल, अलीकडे नार-पारची खोरी, आणि दोहोंच्या दरम्यान डोंगरउतारांवर नागली, वरई, खुरासणी पेरणारी माणसे, ज्यांनी पिढ्यान्‌पिढ्या कसलेली जमीन सरकारी दफ्तरात मात्र ‘वन’ या दोन अक्षरांखाली गडप झालेली. १३ डिसेंबर २००५ च्या आधीपासून जो आदिवासी अशी जमीन कसत असेल त्याचा तिच्यावरील हक्क चार हेक्टरांच्या मर्यादेत मान्य करण्याची तजवीज २००६ च्या वनहक्क कायद्याने केली खरी. परंतु त्या मान्यतेचा कागद हाती पडावा म्हणून ६ मार्च २०१८ रोजी नाशिकहून पायी निघून १२ मार्चला मुंबईच्या आझाद मैदानात पोचलेल्या मोर्चात याच तालुक्यातले पुष्कळ स्त्रीपुरुष होते, यावरून तजवीज आणि तामिली यांच्यातले अंतर ध्यानी यावे. भाची सुटीवर आली होती ती या अंतरातला एक लहानसा तुकडा बुजवायला. शेजारच्या एका ग्रामसभेच्या वनहक्क समितीसाठी, दाव्यांबरोबर येणारे नाना तऱ्हेचे कागद नीट लावून ठेवणारा एक प्रोग्राम ती हौसेने लिहीत होती.

“ही नोंदवही मी जेनेरिक केली आहे, मामा,” कॅलेंडरच्या पाठकोऱ्या पानावर पेन्सिलीने लिहीत ती सांगत होती. “म्हणजे तिच्यात कोणता कागद बसायचा हे वही लिहिताना ठरवलेलेच नाही. ‘ट’ एवढे एक अक्षर मांडून जागा मोकळी ठेवली. दाव्यांची नोंदवही हवी असली की ‘ट’च्या जागी दावा, जबाबांची हवी असली की जबाब. वही एकदाच लिहायची आणि पन्नास ठिकाणी वापरायची.”

“कोरा छापील फॉर्म,” भाऊसाहेब म्हणाले. “रिकाम्या जागी नाव भरले की झाले. यात नवे ते काय? पण मग खाली ही पुस्ती कसली जोडलीस?”

पुस्ती अशी होती:

नोंदवही<ट> जेथे ट : दिनांकित

सी-शार्प नामक ज्या भाषेत हा प्रोग्राम होता तिच्यात ‘जेथे’च्या ठिकाणी इंग्रजी ‘व्हेअर’ येतो. मामांना वाचता यावे म्हणून तिने सगळे मराठीत उतरवले होते.

“ही अट. ‘ट’च्या जागी वाटेल तो प्रकार चालायचा नाही. ज्याला आपली तारीख सांगता येते तोच चालेल.”

“झाले!” भाऊसाहेबांनी अडकित्ता खाली ठेवला. “जागा मोकळी ठेवली म्हणतेस आणि दारावर शिपाई उभा करतेस. मला हे पसंत नाही. ती आतल्या खोलीतली कणगी बघ. कामट्या विणून वरून शेणामातीने लिंपलेली. तिच्यात तुझ्या आजीने भात ठेवला, नागली ठेवली, उडीद ठेवले. एका वर्षी काहीच पिकले नाही तेव्हा गोधड्या ठेवल्या. कणगीने कधी विचारले का, तू कोण, तुझा दाखला काय? ज्याला सर्वांसाठी म्हणून काही करायचे आहे त्याने कणगीसारखे करावे. अट ही माणसाकडे न पाहण्याची सोय असते, पोरी. मी ती चौतीस वर्षे वापरली आहे.”

भाची हसली, पण तिने उत्तर दिले ते मला अजूनही त्या संध्याकाळचे सर्वांत चोख वाटते. ती म्हणाली, “कणगी विचारत नाही, कारण कणगी काही करत नाही. तिला नुसते सांभाळायचे असते. मामीच्या जात्याला विचारा. दमट नागली वैरली तर पीठ पडते का? लगदा होतो, दोन तळ्यांच्या मध्ये चिकटतो आणि खुंटा जागचा हलत नाही. जाते धान्यावर काम करते, म्हणून त्याला अट घालावी लागते. माझी नोंदवही नुसती साठवणारी असती तर मी एक अक्षराची अट घातली नसती. सी-शार्पची साधी यादी असते ना, लिस्ट, तिला कसलीच अट नाही, ती कणगीच आहे. पण मला या वहीकडून काम करवून घ्यायचे आहे. सर्वांत जुना पुरावा कोणता, तो वर काढ, असे तिला सांगायचे आहे. ज्या वस्तूविषयी मला काहीच ठाऊक नाही तिला मी तिची तारीख विचारू कशी?”

“विचारून बघायची.”

“कंपायलर, म्हणजे मी लिहिलेले तपासून यंत्राला समजेल असे करून देणारा प्रोग्राम, विचारू देत नाही. अट नसली तर ‘ट’विषयी आपल्याला एवढेच ठाऊक असते की तो जगातल्या कोणत्याही वस्तूसारखी एक वस्तू आहे. तेव्हा जगातली कोणतीही वस्तू जे करू शकते तेवढेच त्याच्याकडून करवून घ्यायची मुभा: स्वतःचे वर्णन अक्षरांत सांगणे, समोरचा आपणच आहोत की दुसरा ते सांगणे, आणि अशीच दोन-तीन फुटकळ कामे. बस्स. अट घातली की ‘तारीख सांग’ म्हणण्याचा अधिकार मला मिळतो. बाहेरून बघणाऱ्याला ती मनाई दिसते. आत बसून लिहिणाऱ्याला ती सनद असते.”

या ‘सनद’ शब्दावर भाऊसाहेब थोडे थबकले, कारण तो त्यांच्या दफ्तरातला शब्द होता व तो आपल्यावरच उलटवला गेल्याचे त्यांच्या ध्यानात आले होते. मलाही त्या क्षणी असे वाटून गेले की अटींविषयी आपण जे बोलतो ते बहुधा उंबऱ्याबाहेर उभे राहून बोलतो. आतल्या कारकुनाला अट नसली तर अर्जाचे काय करावे हे कळतच नाही, आणि मग तो अर्ज कणगीत पडून राहतो. पण मी बोललो नाही. तिसऱ्याने बोलू नये अशीच ती घटका होती.

“न विचारू देईना का,” भाऊसाहेब म्हणाले. “पळवाट असेलच. जेथे कायदा आहे तेथे पळवाट आहे.”

“आहे ना. आणि मी ती वापरलीही,” भाची ओशाळून म्हणाली. “पहिल्या खेपेला मी अट घातलीच नव्हती. आत मात्र कंपायलरला दटावून सांगितले की हा ‘ट’ म्हणजे तारीख असलेलाच कागद आहे असे समज, जबाबदारी माझी. अशी जबाबदारी घेतली की कंपायलर गप्प बसतो. मग मागच्या महिन्यात एका पाड्यावर समितीची बैठक होती. पाऊस असा की इरली घेऊन आलेली माणसेसुद्धा गुडघ्यापर्यंत भिजलेली. चाळीसएक जण दाटीवाटीने बसलेले. मी लॅपटॉप उघडून म्हटले, सर्वांत जुना कागद वर काढ. बावीस कागद वाचून झाले. तेविसावा निघाला एका विहिरीचा नुसता फोटो. त्याला तारीख नव्हतीच. प्रोग्राम तेथेच कोसळला आणि पडद्यावर लाल अक्षरांत आले: ‘इनव्हॅलिड कास्ट’.”

“काय आले?”

“इनव्हॅलिड कास्ट. म्हणजे ज्या प्रकारचा म्हणून सांगितलेत त्या प्रकारचा हा नव्हे.”

भाऊसाहेब इतके हसले की त्यांना ठसका लागला. “अग, आमच्याकडे यालाच जातपडताळणी म्हणतात! कास्ट इनव्हॅलिड! यंत्रातसुद्धा तेच?”

“कास्ट म्हणजे येथे साच्यात ओतणे, मामा, जात नव्हे,” ती म्हणाली. पण चाळीस माणसांसमोर ती लाल अक्षरे एका म्हाताऱ्याने वाचून घेऊन शेजाऱ्याला मराठीत समजावली होती आणि बैठकीत शांतता पसरली होती, हे तिने पुढे सांगितले तेव्हा कोणीच हसले नाही. “अट आधी घातली असती तर ही चूक माझ्या टेबलावर, माझ्या एकटीच्या नजरेस पडली असती. फोटोचा प्रकार लिहितानाच कंपायलरने मला अडवले असते की याला तारीख कोठे आहे? आणि आता अडवलेच. मग मला विचार करावा लागला. विहिरीच्या फोटोला विहिरीच्या पंचनाम्याची तारीख जोडली. फोटो बाहेर राहिला नाही, मामा. तो आत आला, पण नीट आला.”

इतका वेळ भाऊसाहेब बचावात होते. आता त्यांनी पान जमवून तोंडात टाकले, आणि कचेरीत एखाद्या मुरलेल्या वकिलाचे म्हणणे पुरते ऐकून घेतल्यावर मग एकच प्रश्न विचारावा तसा प्रश्न विचारला. “ही ‘दिनांकित’ची अट तुला पहिल्या झटक्यातच सुचली?”

“नाही,” भाचीने कबूल केले. “आधी मी लिहिले होते: जेथे ट : जमीननोंद. सातबारा, फेरफार, आठ-अ, हे सगळे मी ‘जमीननोंद’ या एका मूळ वर्गापासून काढले होते. मला वाटले, जमिनीचे कागद आहेत, म्हणजे जमीननोंदीचेच वंशज असणार.”

“आणि ज्या जमिनीचा सातबारा त्या माणसाच्या नावे कधी निघालाच नाही, तिचे कागद? म्हाताऱ्यांचे जबाब? विहीर, बांध, मसणवट? ते कोणाचे वंशज?” भाऊसाहेबांचा आवाज चढला नव्हता, पण अडकित्ता पुन्हा हाती आला होता. “ज्यांच्यासाठी वही लिहिलीस त्यांनाच वहीच्या दाराबाहेर उभे केलेस. हेच मी म्हणतो. एका कचेरीत मी असताना एक म्हातारा पाच वेळा आला. वाडवडलांनी घातलेला दगडी बांध आहे, चला दाखवतो, म्हणायचा. मी शेरा मारला: पुराव्याअभावी. कागद जमीननोंदीच्या कुळातला नव्हता ना! बांध मी आजतागायत पाहिलेला नाही.”

बराच वेळ फक्त पागोळ्यांचा आवाज येत राहिला. मामीने कंदील आणून ठेवला.

“मामा, तुम्ही म्हणता ते अटीविरुद्ध नाही,” भाची सावकाश म्हणाली. “ते वंशाच्या अटीविरुद्ध आहे. आमच्या धंद्यातही हा तंटा पन्नास वर्षांचा आहे. जेनेरिकवर अट घालण्याची रीत मला वाटते प्रथम नीट बसवली ती बार्बरा लिस्कोव्ह या बाईंनी, एमआयटीमध्ये, सत्तरच्या दशकात, क्लू नावाच्या भाषेत. त्यांना पुढे २००८ चे ट्युरिंग पारितोषिक मिळाले. त्यांच्या अटीत कोणाचा मुलगा हा प्रश्नच नव्हता. ‘जेथे ट ला अमुक क्रिया येते’ एवढेच लिहायचे. तुलना करता येते ना? मग ये आत. नंतर बर्ट्रांड मेयर यांची आयफेल भाषा आली, ऐंशीच्या दशकात, आणि तिच्यात अट वंशाने घातली गेली: ‘ट’ हा तुलनीय या वर्गाचा वारस असला पाहिजे. जावाने २००४ मध्ये आणि सी-शार्पने २००५ मध्ये जेनेरिक आणले तेही याच वळणाने. नुसते काम येऊन भागत नाही. मी अमक्या घराण्याचा, किंवा मी अमका करार पाळतो, असे त्या प्रकाराने आपल्या जन्माच्या वेळीच जाहीर केलेले असावे लागते.”

“म्हणजे दाखला.”

“दाखलाच. उलट गो नावाची भाषा आहे, तिने कितीतरी वर्षे जेनेरिक घेतलेच नाही. मार्च २०२२ मध्ये घेतले, पण तिच्यात जाहीरनामा लागत नाही. अंगी क्रिया असली की अट पुरी झाली.”

“ही भाषा मला पसंत आहे,” भाऊसाहेब म्हणाले.

“तुम्हाला त्याहून सी-प्लस-प्लस पसंत पडेल. तिने प्रथम अटच ठेवली नाही. साचा लिहा, त्यात काहीही ओता. जमले तर जमले. नाही जमले तर साच्याच्या पोटात कोठेतरी सातव्या आतड्यात ते अडायचे आणि कंपायलर पानेच्या पाने ओकायचा, ज्यांतून चूक कोणाची, ओतणाऱ्याची की साचा करणाऱ्याची, हे कोणाला उमगत नसे. अटी लिहिण्याची सोय करायला त्या भाषेच्या समितीने कित्येक वर्षे घातली, आणि जुलै २००९ मध्ये फ्रँकफुर्टच्या बैठकीत तिनेच तो सगळा मसुदा काढून टाकला. फार अवजड झाला म्हणून. शेवटी भाषेच्या २०२० च्या प्रमाणकात ती सोय आली. आणि कशी आली? वंशाने नव्हे, क्रियेने. चाळीस-पन्नास वर्षांचा फेरा घालून लिस्कोव्हबाईंच्या दाराशी.”

येथे मला राहवले नाही व मी एक गोष्ट मध्ये घातली, जी भाऊसाहेबांना माझ्यापेक्षा चांगली ठाऊक होती पण वादाच्या भरात आठवली नसावी: वनहक्काच्या २००८ च्या नियमांतला तेरावा नियम. त्यात पुरावा म्हणून काय काय चालेल याची जी यादी आहे तिच्यात सरकारी दस्तऐवज आहेतच. पण घर, झोपडी, जमिनीची सपाटी, बांध, विहीर, दफनभूमी, पवित्र स्थळ, वंशावळ, दावेदाराखेरीज इतर वडीलधाऱ्यांचा लिहून घेतलेला जबाब, आणि पूर्वीच्या संस्थानांचे नकाशे व हक्कनोंदी, हेही आहे. अशांपैकी एकाहून अधिक पुरावे विचारात घ्यायचे असतात.

“बघा,” भाची टाळी देण्याच्या बेतात आली. “तेरावा नियम म्हणजे क्लू. कोणाच्या कुळातला कागद हे तो विचारत नाही. या गोष्टीवरून वहिवाट दिसते का, एवढेच विचारतो. अट आहे. सोडलेली नाही. पण कामाची आहे.”

“नियम तेरावा २००८ चा,” भाऊसाहेब शांतपणे म्हणाले. “बांध नाकारला तो त्यानंतर.”

यावर भाचीजवळ उत्तर नव्हते, आणि माझ्याजवळही नाही. जी अट क्रिया विचारते तीसुद्धा ज्याच्या हाती शेरा आहे त्याने वाचली पाहिजे. यंत्रात कंपायलर प्रत्येक अट प्रत्येक वेळी वाचतो, न थकता व जेवणाच्या सुटीवाचून, आणि कचेरीत ती वाचणारा माणूस असतो, हा भेद कितीही उपमा जुळवल्या तरी बुजत नाही. भाचीच्या बाजूने मी झुकलो होतो हे मान्य करतो. पण येथे मी पुन्हा मध्यावर आलो.

तिने विषय बदलला असे वाटले, पण तसे नव्हते. “मामा, जावाने एक गंमत केली आहे, ती तुम्हाला सांगायलाच हवी. जावात अट तपासायची ती कंपायलरने. तपासून झाली की ‘ट’ पुसून टाकायचा. प्रत्यक्ष प्रोग्राम चालतो तेव्हा त्याच्यात ‘ट’ची खूणही उरत नाही. सी-शार्पमध्ये मात्र तो शेवटपर्यंत जिवंत राहतो.”

“तपासणी झाल्यावर दाखला जाळतात?”

“जुन्या प्रोग्रामांशी मेळ राहावा म्हणून. आधीचे लाखो प्रोग्राम ‘ट’ नसलेल्या काळात तयार झालेले. ते चालू राहिले पाहिजेत ना. पुसताना ‘ट’च्या जागी त्याच्या अटीतले पहिले नाव घालतात. म्हणून जावाच्या ग्रंथालयात सर्वांत मोठी वस्तू काढणारी जी ‘मॅक्स’ नावाची क्रिया आहे तिच्या अटीत काय लिहिले आहे ऐका: ‘ट’ हा ऑब्जेक्ट असावा आणि तुलनीय असावा. आता ऑब्जेक्ट तर प्रत्येकच असतो. ती अट कोणालाही अडवत नाही. ती फक्त पहिल्या जागेवर बसायला ठेवली आहे, म्हणजे पुसल्यावर जुन्या दफ्तरातलेच नाव उरते आणि जुने प्रोग्राम बिनबोभाट चालतात.”

भाऊसाहेबांच्या मुद्रेवर जो आनंद दिसला तो वादात जिंकल्याचा नव्हता. परमुलखात आपल्या गावचा माणूस भेटावा तसा होता. “निरर्थक मजकूर, पण खोडायचा नाही! आमच्या प्रत्येक नमुन्यात असा एक रकाना असे. का आहे ते साहेबालाही ठाऊक नसे. तो मोकळा सोडला की मात्र कागद परत येई.” मग थोडे थांबून ते म्हणाले, “पण तुझी अट आणि आमची शर्त यांत एक फरक आहे. तो तू टाळते आहेस.”

“कोणता?”

“तुझी अट आत येणाऱ्याला. आमची शर्त बाहेर जाणाऱ्याला. नव्या शर्तीची जमीन कशाला म्हणतात ठाऊक आहे? भोगवटादार वर्ग दोन. कसा, खा, मुलांना द्या. पण विकायची झाली तर कलेक्टरची परवानगी आणा. आदिवासीच्या जमिनीला तर महसूल संहितेचे कलम ३६-अ, १९७४ सालचे. सरकारच्या मंजुरीवाचून बिगर-आदिवासीला विक्री नाही, बक्षीस नाही, अदलाबदल नाही. गहाण किंवा पट्टासुद्धा मंजुरीवाचून नाही. वनहक्काचा पट्टा त्याच्याही पुढचा: नवरा-बायको दोघांच्या नावे, वारसाने चालतो, पण विकता म्हणून येतच नाही. ही अट ‘ट’वर नाही. ही ज्याच्या हातात वही आहे त्याच्या हातावर आहे.”

“आणि ही अट तरी तुम्हाला पसंत आहे की नाही?”

ओटीवरचा हा एकच प्रश्न असा होता की ज्याचे उत्तर देताना भाऊसाहेबांनी माझ्याकडे पाहिले. “मुलाच्या शिक्षणासाठी कर्ज हवे आणि जमीन गहाण टाकता येत नाही, म्हणून रडणारे लोक मी पाहिले. शर्त नव्हती तेव्हा पाच पोती भातावर जमीन गेलेलेही पाहिले. १ एप्रिल १९५७ ते ६ जुलै १९७४ या मुदतीत गेलेल्या जमिनी परत देण्याचा कायदाच मग करावा लागला. परत किती आल्या ते विचारू नकोस. शर्त सैल करायला एक हुकूम पुरतो. सैल केल्यावर जे गेले ते आणायला पिढ्या लागतात.”

“आमच्याकडे उलटे आहे,” भाची म्हणाली. “अट सैल केली तर वापरणाऱ्या कोणाचेच सहसा बिघडत नाही, आत काम करणाऱ्याचे हात तेवढे आखडतात. आवळली की आजवर चालणारे शंभर ठिकाणी मोडते. म्हणून सांगतात, जेवढे काम तेवढीच अट.” आणि मग जरा विचार करून, “नाही, तुमचे खरे आहे. ही तुलना येथे तुटते.”

तुलना तुटली हे तिने इतक्या सरळपणे कबूल केले की वाद तेथेच मिटला असता. परंतु भाऊसाहेब आत गेले आणि पत्र्याच्या पेटीतून मेणकापडात गुंडाळलेला एक तपकिरी कागद घेऊन आले. शेजारच्या पाड्यावरच्या एका म्हाताऱ्याने तो त्यांच्याकडे वाचायला दिला होता, कारण मोडी वाचणारे आता या भागात एकदोघेच उरले आहेत. संस्थानच्या वेळची साऱ्याची पावती. घड्यांवर कागद फाटला होता. वर शिक्क्याचा अर्धा वर्तुळाकार डाग.

“तेराव्या नियमात बसतो,” भाऊसाहेब म्हणाले. “संस्थानचा कागद. आता तुझ्या वहीत घाल. दिनांकित आहे.”

तिने कंदिलाजवळ कागद धरला. “तारीख काय आहे?”

“शके १८५२.”

भाचीची पेन्सिल थांबली. तिने कॅलेंडरच्या पानावरची ती ओळ पुन्हा वाचली, आणि आपल्या अटीत काय राहून गेले हे तिला आम्हा दोघांच्या आधी दिसले असावे. ती स्वतःशीच बोलल्यासारखी म्हणाली, “तारीख आहे, पण माझ्या इतर तारखांच्या जातीची नाही. १९८९ साली पाच जणांनी एक निबंध लिहिला आहे, मामा, त्यातली अट मला नेहमी कोड्यासारखी वाटायची. ‘ट’ची अट लिहिताना तिच्यात पुन्हा ‘ट’च यायचा: ‘ट’ हा ‘ट’शी तुलना करता येण्याजोगा असावा.”

“अर्जदाराच्या शिफारशीवर अर्जदाराचीच सही?”

“तसे नव्हे. कुस्तीत जोड लावतात ना, तसे. तुलना येते एवढे म्हणून भागत नाही, कोणाशी? पैलवानाची पैलवानाशी, पोराची पोराशी. शक्याची शक्याशी, इसवीची इसवीशी. नुसते ‘दिनांकित’ म्हटले तर माझी वही १८५२ हा आकडा २००५ च्या मागे नेऊन ठेवील, आणि १९०१ च्याही मागे. कागद जुना आहे, पण इतका जुना नाही. कंपायलर मला अडवणार नाही, आणि प्रोग्राम कोसळणारही नाही. चुपचाप खोटे सांगेल.”

“मग इसवी कर. अठ्ठ्याहत्तर मिळव.”

“अठ्ठ्याहत्तर की एकोणऐंशी? महिना कोणता आहे?”

भाऊसाहेबांनी चष्मा कपाळावर सरकवला, कागद कंदिलाच्या काचेला लागेल इतका जवळ नेला, आणि मोडीची ती एकात एक गुंतलेली अक्षरे बोटाने न शिवता वाचू लागले. “पौष.”

“पौष शुद्ध की वद्य? शुद्धाच्या सुरुवातीला असला तर डिसेंबर, १९३०. पुढचा असला तर जानेवारी उजाडतो, १९३१.”

“तिथी घडीवर आली आहे,” भाऊसाहेब म्हणाले. “थांब. वात जरा वाढव.”